फऱ्याच्या बळाचे माप

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ हा एक अतिचार गणला आहे. देताना उणे माप आणि घेताना अधिक माप वापरू नये, हा त्याचा साधा अर्थ. व्यापारी घरांत हा शब्द पाठशाळेत कानी पडतो आणि पुढे पेढीवर बसल्यावर रोज हाताखालून जातो. कापडाच्या दुकानातील मीटरपट्टीला जुनी माणसे अजून गजच म्हणतात. तो धातूचा असतो, त्यावर वैधमापन खात्याची मोहोर असते आणि ताग्याच्या अखेरीस चार बोटे कमी भरली तरी गिऱ्हाईक बोलून दाखविते. मात्र हीच काटेकोर माणसे स्वतःच्या देहाविषयी बोलू लागली की सारे हिशेब सैल होतात. ‘पहिल्यापेक्षा बरे आहे’, ‘आठ आणे फरक आहे’, ‘थंडीत जरा वाढते’. या अंदाजावर औषधे चालू राहतात, बंद होतात आणि कधी कधी शस्त्रक्रियाही ठरतात.

दक्षिण महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी कापडाची पेढी चालविणारे एक गृहस्थ आहेत. घरात आणि बाजारात त्यांना सारे अण्णा म्हणतात. नावाचे येथे काही कारण नाही. वय एकसष्ट. चाळीस वर्षे उजव्या हाताने माथ्यावरच्या फळीतून तागे काढून गिऱ्हाइकापुढे उलगडण्यात गेली. गेल्या वर्षी उजवा खांदा दुखू लागला. प्रथम तेल, मग शेक, मग औषधाच्या दुकानातून आणलेला पट्टा असा नेहमीचा क्रम झाला. आठ महिन्यांनी स्थिती अशी झाली की हात खांद्याच्या वर नेला की कळ येई. वरच्या फळीचे काम मुलाकडे गेले, याचे अण्णांना फारसे दुःख नव्हते. पण रोज पहाटे मंदिरात अभिषेकाच्या वेळी कलश उजव्या हाताने उचलून मूर्तीच्या मस्तकापर्यंत नेता येईना. डाव्या हाताचा आधार द्यावा लागे, आणि हे मात्र त्यांच्या मनाला लागले.

शेजारीपाजारी सर्वांनी एकमुखाने निदान केले होते, ‘फ्रोझन शोल्डर’. हा शब्द बोस्टनच्या कॉडमन नावाच्या शल्यविशारदाने १९३४ साली रूढ केला. आता तो खांद्याच्या कोणत्याही दुखण्याला लावला जातो. मधुमेह्यांत तो विकार अधिक आढळतो, म्हणून अण्णांच्या रक्तातील साखरही तपासली गेली. ती ठीक निघाली. खरा गोठलेला खांदा ओळखण्याची खूण सोपी आहे. त्यात रुग्णाला स्वतःला हात उचलता येत नाही, इतकेच नव्हे, तर दुसऱ्याने उचलून दिला तरी तो जात नाही आणि कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या अंगाला वळवताना तर तो विशेष अडतो. अण्णांचा हात दुसऱ्याच्या मदतीने पूर्ण वर जात होता. क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही. सोनोग्राफीत स्नायूच्या दोरीला सूज होती, ती तुटलेली नव्हती. एका डॉक्टरांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार सुचविला, दुसऱ्यांनी आधी तीन महिने व्यायाम करून पाहण्यास सांगितले. अण्णांनी दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न अस्सल व्यापाऱ्याचा होता : “करतो, पण बळ किती कमी आहे आणि किती आले म्हणजे पुरे, हे कोण सांगणार?”

या प्रश्नाचे उत्तर मिरजेतील एका फिजिओथेरपिस्टकडे मिळाले, आणि ते खांद्यात नव्हते. ते पाठीवर होते.

पाठीच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना जे चपटे त्रिकोणी हाड असते, त्यास शास्त्रात अंसफलक आणि बोलीत फरा म्हणतात. ‘फऱ्यात उसण भरली’ असे आपण म्हणतो तो हाच. सुश्रुताने १०७ मर्मांत अंसफलकाची गणना केली असून तेथे इजा झाल्यास हात बधिर होतो वा सुकतो, असे त्याचे निरीक्षण आहे. हाताचे दुखणे पाठीशी जोडणारी ही दृष्टी आजही आश्चर्य वाटावे अशी आहे. हे हाड दुसऱ्या ते सातव्या बरगडीच्या पातळीवर पाठीवर टेकलेले असते. टेकलेले म्हणावयाचे, कारण बरगड्यांशी त्याचा हाडाचा सांधा नाहीच. धडाशी त्याचा हाडाहाडाचा संबंध येतो तो केवळ गळपट्टीच्या हाडामार्फत. बाकी त्यास जागेवर धरून ठेवण्याचे सारे काम स्नायूंचे. सतरा स्नायू या एका हाडाला चिकटलेले आहेत. दंडाचे हाड ज्या उथळ खोबणीत फिरते ती खोबण या फऱ्याचाच भाग आहे. म्हणजे फरा हा पाया आणि हात ही त्यावर उभी केलेली यारी. पाया सरकला तर यारीचा दोष काढण्यात अर्थ नसतो.

हात अंगालगत असताना सुरुवात करून कानापर्यंत वर नेला तर सुमारे १८० अंशांची फेरी होते. तिच्यातील साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश फऱ्याच्या फिरण्यातून मिळतात. हे दोनास एक प्रमाण कॅलिफोर्निया विद्यापीठातील इनमन, सॉन्डर्स आणि अ‍ॅबट यांनी १९४४ साली मांडले. पुढील संशोधकांनी दाखविले की हे प्रमाण सर्वांत आणि साऱ्या फेरीत सारखे राहत नाही. पण मूळ गोष्ट टिकून आहे. फरा वर वळला नाही तर दंडाचे हाड वरच्या छपराला घासते आणि मधल्या दोऱ्या चेंगरतात.

फरा वर वळविण्याचे काम प्रामुख्याने तीन दिशांनी होते. मानेपासून खांद्याकडे उतरणारा ट्रॅपिझियसचा वरचा भाग वर ओढतो. त्याच स्नायूचा खालचा भाग पाठीच्या मध्यातून खाली खेचतो. आणि बरगड्यांपासून निघून फऱ्याच्या आतल्या कडेला जाऊन मिळणारा सेराटस अँटेरिअर त्यास पुढे व बाहेर ओढतो आणि छातीशी चपखल धरून ठेवतो. लोखंडी कपाट वळविताना तीन हमाल तीन कोपऱ्यांना धरतात, तसेच हे. एकाने हात ढिला सोडला की कपाट वाकडे होते आणि उरलेल्यांपैकी एकावर भार येतो. खांद्याच्या दुखण्यात बहुधा खालचा ट्रॅपिझियस व सेराटस ढिले पडतात आणि वरचा भाग जास्त राबतो. रुग्णाला मान भरल्यासारखी वाटते, तो मान चोळून घेतो, दोन दिवस बरे वाटते. जो प्रामाणिकपणे दुप्पट काम करीत आहे त्यालाच आपण चोळत असतो. कामचुकार दोघे पाठीमागे असल्याने दृष्टीस पडत नाहीत.

त्यांना पकडण्यासाठी माप हवे.

स्नायूंच्या बळाचे माप घेण्याची पद्धत पोलिओने जन्मास घातली. बोस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट लव्हेट, ज्यांनी पुढे १९२१ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आजाराचे पोलिओ म्हणून निदान केले, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गुरुत्वाकर्षण हेच माप धरून स्नायूंच्या श्रेणी ठरविल्या. दुसऱ्या महायुद्धात मज्जातंतूंना जखमा झालेले सैनिक मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये शून्य ते पाच अशी श्रेणी प्रसिद्ध केली. तीच आज जगभर वापरतात. हालचालच नाही तो शून्य. स्नायू फक्त फुरफुरतो तो एक. गुरुत्वाकर्षण वगळल्यास हलतो तो दोन. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हलतो तो तीन. थोडा विरोध सोसतो तो चार. आणि पूर्ण विरोध सोसतो तो पाच.

पोलिओसाठी हे उत्तम होते. पण पेढीवर चालत येणाऱ्या माणसाचा स्नायू बहुधा चारच्या घरात असतो आणि हे चारचे घर फार ऐसपैस आहे. निम्मे बळ गमावलेला मनुष्यही चार आणि किंचित उणा मनुष्यही चार. बँकेच्या ताळेबंदात ‘विविध येणी’ या एका ओळीखाली काय काय दडविता येते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या चारचा धोका वेगळा सांगावयास नको. शिवाय विरोध देणारा हात तपासणाऱ्याचा. धिप्पाड तपासनीसाला जो स्नायू दुबळा वाटेल तो किरकोळ अंगाच्या मुलीला भक्कम वाटेल.

यासाठी हातात मावणारा डायनॅमोमीटर वापरतात. तळहाताएवढे यंत्र, त्यात दाब मोजणारी चकती, आणि पडद्यावर किलो वा न्यूटनमध्ये आकडा. एक किलोचा भार म्हणजे ९.८१ न्यूटन. फऱ्याच्या स्नायूंसाठी या यंत्राच्या चाचण्या कितपत भरवशाच्या आहेत, हे खांदेदुखीच्या रुग्णांवर तपासून लोरी मिचनर व सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेतील ‘फिजिकल थेरपी’ या नियतकालिकात मांडले. यंत्र मनगटावर न ठेवता शक्यतो फऱ्यावरच ठेवावे, हा त्यांच्या पद्धतीचा विशेष.

अण्णांची तपासणी आषाढात झाली. प्रथम दुखरा नसलेला डावा हात, म्हणजे काय करावयाचे ते शरीराला कळते. पालथे झोपवून हात डोक्याच्या दिशेने तिरका, अंगठा वर, यंत्र फऱ्याच्या काठावर, “अण्णा, हळूहळू जोर वाढवा, पाच सेकंद धरा, झटका देऊ नका.” मध्ये विश्रांती, पुन्हा दोनदा. डावीकडच्या खालच्या ट्रॅपिझियसचे तीन आकडे आले ११.८, १२.३ आणि ११.९ किलो, सरासरी १२. उजवीकडे ७.१, ७.८, ७.३, सरासरी ७.४. मग उताणे झोपवून खांदा व कोपर काटकोनात, कोपराच्या टोकावर यंत्र, आणि फरा उचलून छताकडे ढकलावयाचे, ही सेराटसची चाचणी. डावा २२.४, उजवा १५.१. शेवटी बसवून खांदे उचकविण्याची, वरच्या ट्रॅपिझियसची. डावा १९.६, उजवा २०.३.

अण्णांनी खिशातून पेन काढून तेथेच टक्केवारी मांडली. खालचा ट्रॅपिझियस अडतीस टक्क्यांनी उणा, सेराटस तेहतीस टक्क्यांनी उणा, वरचा मात्र कणभर अधिक. कोण कामचुकार आणि कोण राबणारा, हे तीन ओळींत कागदावर आले.

पण आकडा लगेच खरा मानावयाचा नसतो, आणि त्या तरुण फिजिओथेरपिस्टने तसा मानलाही नाही. उजव्या बाजूला जोर लावताना दुखते का, किती, दहापैकी किती, हे तिने प्रत्येक आकड्यापुढे लिहिले. अण्णांनी तीन सांगितले. दुखण्याच्या भीतीने मेंदू स्नायूला आवर घालतो. तेव्हा कमी आकडा म्हणजे नेहमीच कमी बळ नव्हे, त्यात वेदनेचाही वाटा असतो. दुसरी गोष्ट, दुखणे खरोखर फऱ्याच्या दुबळेपणातून येते का, हेही सिद्ध व्हावयास हवे. तिने अण्णांना हात वर नेण्यास सांगितले आणि त्याच वेळी मागून फऱ्याचे खालचे टोक आपल्या हाताने पुढे व वर ढकलले. आठ महिन्यांत प्रथमच हात जवळजवळ विनासायास वर गेला. अण्णा काही बोलले नाहीत. खाली आणून पुन्हा एकदा नेऊन पाहिला. आता आकड्यांना अर्थ आला.

ही जोडणी महत्त्वाची आहे. फऱ्याची चाल वाकडी असणे खांदा मुळीच न दुखणाऱ्या लोकांतही पुष्कळ आढळते. अमेरिकेतील डॉ. बेन किबलर यांनी या विषयाला वाहून घेतले. फऱ्यावरील तज्ज्ञपरिषदेचे जे सहमतीपत्र २०१३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाले, त्यातही फऱ्याची बिघडलेली चाल हे स्वतंत्र निदान न मानता खांद्याच्या तक्रारीतील एक घटक म्हणून पाहावे, असाच रोख आहे. केवळ यंत्रावर आकडा कमी आला म्हणून कोणी महिनाभराच्या उपचारांचे पॅकेज पुढे केले, तर मधली पायरी झाली का, हे अवश्य विचारावे.

मापाला मोहोर लागते ती सातत्याची. यंत्र मनगटावर ठेवले तर तरफेची भुजा लांब होते आणि आकडा लहान येतो. कोपराजवळ ठेवले तर तोच स्नायू मोठा आकडा दाखवितो. समजा खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर ४ किलो आले, तर तेच बळ ३० सेंटिमीटरवर ८ किलो दाखवील. शिवाय मनगटावर यंत्र असताना हाताचे स्वतःचे वजन, जे शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असते, तेही स्नायूला पेलावे लागते. म्हणून एका दवाखान्यातील आकडा दुसऱ्या दवाखान्यातील आकड्याशी ताडणे म्हणजे वाराच्या पट्टीने घेतलेले माप मीटरच्या पट्टीने तपासणे होय. तपासणारी व्यक्ती, शरीराची ठेवण, यंत्राची जागा, शक्यतो दिवसाची वेळही, सारे तेच हवे.

अण्णांचे व्यायाम दिसावयास फार साधे होते. कुशीवर झोपून कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरविणे, पालथे झोपून हात मागे नेणे, उताणे झोपून छताकडे ठोसा, भिंतीवर कोपरे टेकवून हात वर सरकविणे. यांपैकी कुशीवरचे व पालथे व्यायाम बेल्जियममधील गेन्ट येथील अ‍ॅन कूल्स यांच्या अभ्यासातून पुढे आले आहेत. त्यांत वरचा ट्रॅपिझियस फारसा न जागता खालचा व मधला जागतो. आधी केवळ हाताचे वजन, मग अर्धा किलो, मग एक. दोन आठवड्यांनी, श्रावणात, मधले माप झाले. आकडा ७.४ चा ७.९ झाला. अण्णा खूष झाले. ती म्हणाली, “हा नफा नव्हे, अण्णा. एवढा फरक मापातच पडू शकतो.” त्याच रुग्णाचे त्याच दिवशी पुन्हा माप घेतले तरी काही फरक येतो; त्या मर्यादेबाहेर आकडा गेला तरच सुधारणा मानावयाची. अर्ध्या किलोच्या आनंदावर व्यायामाचे वजन वाढविले असते तर सुजलेली दोरी पुन्हा चिडली असती. अण्णांना हे पटले. वजन जेवढे होते तेवढेच ठेवले गेले.

सहा आठवड्यांचे माप दशलक्षण पर्वात येत होते. अण्णांचे एकाशन चालू होते आणि मध्ये उपवासही होते. मापाला जावे की कसे, असे त्यांनी फोनवर विचारले. तिने तारीख अनंत चतुर्दशीनंतर आठवड्याने पुढे नेली. उपवासाच्या दिवसातला आकडा स्नायूचा नसून उपवासाचा असतो. या काळात हलके व्यायाम मात्र सुरू ठेवावयास सांगितले. पर्वानंतर खालचा ट्रॅपिझियस ९.३ आणि सेराटस १८.२ आला, जोर लावताना वेदना एक. तेव्हा कोठे वजन वाढले.

खरी गोष्ट यापुढची आहे.

आश्विनात दिवाळीच्या मालाच्या गाठी उतरत होत्या. पेढीवर अठरा वर्षे असलेला हमाल, वय चाळिशीच्या थोडे पुढे, नुसत्या बनियनवर गाठी वाहत होता. या तीन महिन्यांत अण्णांना माणसांच्या पाठी पाहण्याची खोड लागली होती. गाठ भिंतीला लावून तो ढकलू लागला तेव्हा त्याचा उजवा फरा पाठीपासून सुटून पक्ष्याच्या पंखासारखा बाहेर आला. अण्णांनी त्यास थांबविले.

“हात वर कर बघू.”

तो खांद्यापर्यंत गेला आणि थांबला.

“कधीपासनं हे?”

“झाले की दोन महिने, मालक. दुखत न्हाई फार, म्हणून बोललो न्हाई.” मग थोडे थांबून म्हणाला, “सीझन तोंडावर आला होता.”

अण्णा त्यास दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले. सेराटसचे माप डावीकडे २६ किलो, उजवीकडे ४.१, तेही बहुधा शेजारच्या स्नायूंनी ओढून आणलेले. वेदना जवळजवळ नाही. अण्णांच्या आकड्यातील तूट आणि या आकड्यातील तूट यांची जातच निराळी होती. दुखत नसताना स्नायू एवढा खचतो, तेव्हा संशय स्नायूवर नसतो, त्याला हुकूम पोहोचविणाऱ्या मज्जातंतूवर असतो. सेराटसला जाणारा लाँग थोरॅसिक मज्जातंतू मानेतून निघून छातीच्या कडेने बराच लांब व उघडा खाली उतरतो. खांद्यावरून सतत जड ओझी वाहिल्याने तो ताणला वा दबला जातो. मेंदूविकारतज्ज्ञांनी ईएमजी तपासणी केली आणि हेच निश्चित झाले.

येथे मापाचा दुसरा उपयोग दिसतो. अण्णांना जो उपचार, वजन हळूहळू वाढविण्याचा, तोच याला दिला असता तर नुकसान झाले असते. मज्जातंतू सावरेपर्यंत खांद्यावर ओझे बंद, हात डोक्यावर नेऊन करावयाची कामे बंद, सांधा आखडू नये इतपत हालचाल, आणि काही आठवड्यांनी पुन्हा माप. बहुतेकांचा मज्जातंतू आपणहून सावरतो. पण त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षेही लागतात. आकडा वर सरकू लागला तर वाट पाहावयाची. बराच काळ जागचा हललाच नाही तर शल्यविशारदाचा सल्ला.

घरातील स्त्रियांच्या संदर्भातही हा भाग लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठी काढताना याच मज्जातंतूला इजा होऊ शकते, आणि क्षयाच्या संशयाने मानेतील गाठ तपासणीसाठी काढताना ट्रॅपिझियसला जाणाऱ्या मज्जातंतूला. ‘ऑपरेशन झाले आहे, हात उचलायला वेळ लागणारच’, असे म्हणून घरची मंडळी महिने घालवितात. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या फऱ्याचे माप मागून घ्यावे. त्याला सुई नाही, किरण नाहीत, अर्धा तास लागतो. प्रत्येक लहान दवाखान्यात हे यंत्र असेलच असे नाही. मोठ्या फिजिओथेरपी विभागांत विचारावे. आणि एक सावधगिरी : डाव्या खांद्यात वा हातात कळ येऊन छातीत दडपण, घाम, धाप असेल तर फऱ्याचा विचार बाजूला ठेवून तत्काळ हृदयाच्या डॉक्टरांकडे जावे.

हमालाचा प्रश्न मात्र दवाखान्यात सुटणारा नव्हता. जो गाठी उचलूच शकत नाही त्याचे वर्षभर काय करावयाचे? त्या रात्री जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपल्यावर हा विषय घरात निघाला. मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. दुसरा हमाल तर लावावाच लागणार, म्हणजे दुहेरी पगार.

“अण्णा, वर्षभर बसवून पगार द्यायचा?”

“बसवून कोण म्हणतो? गजावर उभा करू.”

“त्याला माप जमेल?”

“अठरा वर्षं बघतोय तो. तुला तरी जन्मतः येत होतं का?”

सुनेने मध्येच विचारले, “आणि त्याचा खांदा आपल्या गाठींनीच गेला असेल तर?” यावर कोणी काही बोलले नाही. चर्चा तेथेच संपली.

दिवाळीला, वीरनिर्वाण संवताच्या नव्या वहीत, अण्णांनी मागच्या बाजूला दोन पाने वेगळी आखली. एकावर त्यांचे स्वतःचे आकडे. मार्गशीर्षात खालचा ट्रॅपिझियस ११.२ आणि सेराटस २१ झाला. दोन्ही बाजूंतील फरक दहा टक्क्यांच्या आत आल्यावर दवाखान्यातील फेऱ्या थांबल्या, घरचे व्यायाम आठवड्यातून तीनदा राहिले. शस्त्रक्रियेचा विषय पुन्हा निघाला नाही. कलश आता उजव्या हाताने मस्तकापर्यंत जातो. वरच्या फळीचे तागे मात्र मुलगाच काढतो, आणि तेही शिडीवर चढून, हात ताणून नव्हे, असा पेढीवर नवा नियम आहे.

दुसऱ्या पानावर हमालाचे आकडे आहेत. आश्विन ४.१, मार्गशीर्ष ४.४, माघ ६.९, चैत्र ११.३. माघाचे माप घेऊन परतताना तो बसमध्ये काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पेढीवर आल्यावर त्याने वही मागून घेतली आणि आपला आकडा बोट लावून पाहिला. गजावर त्याचा हात आता बसला आहे. कापड कमरेच्या उंचीवर मोजले जात असल्याने खांद्याला त्रास नाही. त्याची एकच तक्रार आहे, उभे राहून पाय दुखतात. चैत्राच्या रकान्यापुढे डाव्या बाजूचा २६ हा आकडा लाल शाईने लिहून ठेवला आहे आणि पुढचा रकाना रिकामा आहे. पुढचे माप अक्षय्य तृतीयेनंतर.